कंपनीत ड्रग टेस्ट सुरू करतायत. सेफ्टी कमिटीत काय बोलू?

वेर्ण्याचा वारा (धागाकर्ता)

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. आमचा कारखाना वेर्णा वसाहतीत. प्लास्टिकचे सुटे भाग मोल्ड करतो. तीन पाळ्या, कायम कामगार दोनशेच्या आत आणि ठेकेदाराचे जवळजवळ तेवढेच. मी मेन्टेनन्सला आहे, बावीस वर्षं झाली. गेल्या वर्षापासून सेफ्टी कमिटीवर कामगारांच्या बाजूने बसतो.

गेल्या महिन्यात रात्रपाळीला एका फोर्कलिफ्टने रॅकच्या खांबाला धडक दिली. वरचं भरलेलं पॅलेट खाली आलं. पॅकिंगची दोन मुलं नेमकी चहाला गेली होती म्हणून वाचली. त्यावर मुख्य ऑफिसातून फर्मान आलंय की सगळ्या कामगारांची लघवीची ड्रग टेस्ट करायची. दर महिन्याला कॉम्प्युटर नावं काढणार, त्याच दिवशी बोलावणार, पाच अमली पदार्थांची पट्टी लावणार. पॉझिटिव्ह आला की निलंबन.

शुक्रवारी बैठक आहे आणि मला 'कामगारांचं मत' मांडायचंय. दोनशे कामगारांची तीनशे मतं आहेत हा भाग वेगळा. माझं स्वतःचं मत अजून बनलेलं नाही. गांजा ओढणारे आहेत हे मला माहीत आहे, डोळे मिटून घेणार नाही. पण या टेस्टने फोर्कलिफ्टची धडक थांबेल का, तेही कळत नाही. कोणाकडे असं सुरू झालंय का?

सुशेगाद

पहिला नंबर! सविस्तर जेवून लिहितो.

शिस्त हवी

मी कुंडईला एचआरमध्ये आहे, त्यामुळे शिव्या खायची सवय आहे. टेस्ट हवीच. विमान क्षेत्रात २०२२ पासून वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रकांची अमली पदार्थांसाठी अचानक तपासणी होते, वर्षाला किमान दहा टक्के लोकांची. दाबोळीला आणि मोपाला उतरणाऱ्या विमानाच्या वैमानिकाला ते चालतं, मग तीन टनांचं यंत्र चालवणाऱ्याला का नको? कंपनी पगार देते, शुद्धीवरचा माणूस मागते. यात गैर काय?

हुर्राकप्रेमी

त्या पाच पदार्थांत फेणी आहे का? नसेल तर गोव्यात ही टेस्ट नक्की कोणासाठी आहे?

वेर्ण्याचा वारा

@हुर्राकप्रेमी, नाही ना! गांजा, अफूवर्गीय, कोकेन, अ‍ॅम्फेटामिन आणि पीसीपी म्हणून काहीतरी. दारूसाठी वेगळं यंत्र लागतं म्हणे, त्याचं बजेट नाही.

हुर्राकप्रेमी

पीसीपी मी आयुष्यात पाहिलं नाही. मार्च ते मे आमच्या वाड्यावरचं अर्धं गाव हुर्राकात (काजूच्या हंगामी दारूत) असतं, त्याचं बजेट नाही. अमेरिकेची यादी जशीच्या तशी उचललेली दिसते. (हलके घ्या.)

लॅबवाली

वारादादा, मी म्हापशाला पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. कायद्याचं कायदेवाले सांगतील, मी पट्टीबद्दल सांगते.

पहिली गोष्ट, पट्टी वाचायची कशी ते तुमच्या फर्स्ट एडवाल्याला शिकवा. प्रेग्नन्सीच्या पट्टीवर दोन रेघा म्हणजे 'आहे'. ड्रगच्या पट्टीवर बरोबर उलटं. दोन रेघा म्हणजे निगेटिव्ह, एकच रेघ म्हणजे पॉझिटिव्ह, आणि दुसरी रेघ कितीही फिकट उमटली तरी निगेटिव्हच. एका कंपनीच्या कॅम्पला मी गेले होते. मी पोचेपर्यंत तिथल्या माणसाने सकाळच्या चौदा जणांचे निकाल उलटे लिहून ठेवले होते. कागदावर तेरा जण नशेबाज आणि एकटा साधू. खरं तर त्या साधूलाच बोलवायला हवं होतं.

दुसरी गोष्ट, पट्टी ही नुसती चाळणी. ती रेणूचा साधारण आकार ओळखते. सर्दीच्या गोळीतलं स्यूडोएफेड्रिन कधीकधी अ‍ॅम्फेटामिन म्हणून लागतं. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध घेतलं की अफूवर्गीय पॉझिटिव्ह येतंच, आणि ते औषध डॉक्टरने लिहून दिलेलं असू शकतं. म्हणून पट्टी पॉझिटिव्ह आली तर तोच नमुना जीसी-एमएस किंवा एलसी-एमएसवर, म्हणजे नेमका पदार्थ ओळखणाऱ्या यंत्रावर, तपासायचा असतो. ते यंत्र नाक्यावरच्या लॅबमध्ये नसतं. खर्च येतो, दिवस जातात. तोवर त्या माणसाचं काय करणार, ते आधी लिहून घ्या.

तिसरी, आणि ही तुमच्या प्रश्नाशी सगळ्यात जवळची. गांजाचे अंश चरबीत साठतात आणि हळूहळू बाहेर पडतात. एखाद्या वेळी ओढणाऱ्याच्या लघवीत दोन-तीन दिवस, रोज ओढणाऱ्याच्या तीन-चार आठवडेसुद्धा. पण नशा असते काही तासांची. म्हणजे लघवी सांगते की या माणसाने मागे कधीतरी ओढला. आत्ता तो नशेत आहे का, हे ती सांगत नाही.

आणि हो, खसखस. दाण्यात अफू नसते, पण बोंडाचा चीक दाण्याला लागलेला असतो, त्यातून मॉर्फिन येतं. अमेरिकेत सरकारी टेस्टची अफूवर्गीयांची मर्यादा पूर्वी ३०० नॅनोग्रॅम होती. खसखशीचे पाव खाणारे सापडू लागले म्हणून १९९८ मध्ये ती २००० केली. आपल्याकडे मिळणाऱ्या स्वस्त पट्ट्यांवर अजून ३०० छापलेलं असतं. तुमच्या पट्टीच्या पाकिटावर काय आहे ते बघा.

चवदार बांगडा

म्हणजे रविवारी खसखस घातलेली शागोती आणि सोमवारी निलंबन?

लॅबवाली

शागोतीत किती घालता त्यावर आहे 😄 चमचाभर वाटून चार जणांत गेली तर बहुधा काही नाही. पण ३०० ची पट्टी असेल तर मी पैज लावणार नाही.

चवदार बांगडा

आमच्याकडे कोंबड्याच्या शागोतीला सढळ हाताने लागते. खसखस नसेल तर ती शागोती नव्हे, ते नुसतं खोबऱ्याचं वाटप.

माटोळी

अहो, खसखस हवीच असं काही नाही. माझी सासू जायफळ आणि बडीशेपेवर भागवायची, खोबरं नीट काळसर भाजलं की झालं. खसखस महाग झाल्यापासून निम्मं गाव तसंच करतं, बोलत कोणी नाही.

चवदार बांगडा

ताई, हे मी वाचलंच नाही असं समजतो.

जुना तारवटी

शागोतीवाल्यांनो, जरा बाजूला व्हा. मी २६ वर्षं बोटीवर काढली, आता कुंकळ्ळीला घरी आहे. आमच्यात टेस्ट होतीच. चढण्याआधी मेडिकलला, मग कधीही रात्री-अपरात्री, आणि अपघात झाला की हमखास. अमेरिकेच्या पाण्यात मोठा अपघात झाला तर दारूची टेस्ट दोन तासांत आणि ड्रगची ३२ तासांत करायचा नियम. दारूची मर्यादा तर जगभरच्या खलाशांना एकच आहे, रक्तात ०.०५ टक्के, खलाशांच्या आंतरराष्ट्रीय करारात २०१० ला मनिलात दुरुस्ती झाली तेव्हापासून. कंपन्या त्याहून कडक ठेवतात.

पहिल्यांदा मलाही राग आला होता. बाटली हातात देऊन एक माणूस दाराशी उभा. पण एक गोष्ट पाहिली आणि राग गेला. त्या दिवशी रांगेत पहिला कप्तान होता. मग चीफ इंजिनिअर, मग आम्ही. वारा, तुझ्या फर्मानात 'सगळ्या कामगारांची' असं लिहिलंय. प्लांट हेडची लिहिली आहे का?

दुसरं, नमुन्याच्या दोन बाटल्या भरायच्या. दोन्हींना आमच्यासमोर सील, सीलवर आमची सही. एक तपासायची, दुसरी तशीच ठेवायची. वाद झाला तर दुसरी दुसऱ्या लॅबला. ही दुसरी बाटली मागून घे. बाकी काही मिळालं नाही तरी चालेल.

अवांतर: दुबईला पोरांना भेटायला जाणाऱ्यांनी खसखस नेऊ नये. तिथे ती बंदी असलेल्या मालात येते.

शिस्त हवी

तारवटीकाकांशी पूर्ण सहमत. वरपासून सुरुवात करायला माझी काहीच हरकत नाही. मी स्वतः पहिली बाटली भरेन.

हुर्राकप्रेमी

एचआरने प्रथमच काहीतरी भरून दिलं. स्क्रीनशॉट काढून ठेवा.

माटोळी

मघाशी शागोतीवर हसत लिहिलं, पण मूळ विषयावर लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

माझ्या नवऱ्याची उजव्या हाताची दोन बोटं प्रेसमध्ये गेली. गोव्यातच, कारखान्याचं नाव नको. डाय बसवत होते. पलीकडच्या हेल्परने, ह्यांचा हात आत असताना, बटण दाबलं. तो मुलगा कसल्यातरी गोळ्या खाऊन आला होता. पाळीवर सगळ्यांना माहीत होतं. सुपरवायझरलाही. 'पोरगा गरीब आहे, राहू दे' म्हणून कोणी बोललं नाही. ह्यांनीही आधी एकदा त्याला सांभाळून घेतलं होतं.

तुम्ही नॅनोग्रॅम आणि प्रायव्हसी बोला, ते बरोबरच असेल. पण मी रोज शर्टाची बटणं लावून देते. ती पट्टी त्या दिवशी गेटवर असती तर बरं झालं असतं असं मला वाटतं, आणि वाटतच राहील.

लॅबवाली

ताई, काय लिहू कळत नाही. तुमचं वाटणं खोटं नाही.

काळा कोट

माटोळीताई, वाईट वाटलं. पण एक प्रश्न विचारतो, रागावू नका. दोन हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली येणार नाही अशी सोय त्या यंत्राला होती का? डाय बसवताना वीज तोडून कुलूप लावलं होतं का?

माटोळी

दोन बटणं होती. एक कायमचं दाबून चिकटपट्टी लावली होती. उत्पादन वाढावं म्हणून. कुलूप वगैरे काही नव्हतं. चौकशीत हे आलं नाही, मुलाच्या गोळ्या तेवढ्या आल्या.

काळा कोट

धन्यवाद. हेच विचारायचं होतं.

आता कायदा, थोडक्यात. खासगी कारखान्यात कामगारांची ड्रग टेस्ट सक्तीची करणारा सर्वसाधारण कायदा भारतात नाही, आणि मनाई करणाराही नाही. म्हणून सगळं स्थायी आदेश (कारखान्याची प्रमाणित सेवा-नियमावली), करार आणि संमती यांवर येतं. दारू पिऊन कामावर येणं बहुतेक ठिकाणी गैरवर्तन म्हणून लिहिलेलं असतंच. 'लघवीत अंश सापडणं' हे मात्र वेगळं कलम आहे आणि ते मेल पाठवून घालता येत नाही. नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्यात, त्यात स्थायी आदेशांची सक्ती तीनशे कामगारांपासून आहे. तुमच्याकडे जुने प्रमाणित आदेश असतील तर ते काढून वाचा. नसतील तर नेमणूकपत्र वाचा.

निलंबन म्हणजे बडतर्फी नव्हे. आरोपपत्र, खातेनिहाय चौकशी, बाजू मांडायची संधी हे सगळं लागतंच. पट्टीचा फोटो म्हणजे पुरावा असं समजणाऱ्या कंपन्या पुढे तोंडघशी पडतात. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो निकाल मुख्यतः सरकारविरुद्ध चालतो हे खरं, पण शरीरातून नमुना घेताना 'गरज काय आणि प्रमाण काय' हा प्रश्न आता कोणीही विचारू शकतो.

अजून एक मुद्दा बैठकीत जरूर काढा. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे. नुसती पानं त्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून काही राज्यांत भांगेची परवानाधारक दुकानं आहेत. पट्टीला फुलोरा आणि पान यातला फरक कळत नाही. तुमच्याकडे उत्तरेतले कामगार असतील. होळीला गावी जाऊन दुकानातली भांग प्यायलेला माणूस परत येऊन पॉझिटिव्ह निघाला, तर त्याने कुठला गुन्हा केला?

सुशेगाद

जेवलो, झोपलो, तेवढ्यात धागा पन्नाशीकडे निघाला. वकीलसाहेबांना दंडवत.

दोडामार्गी

मी पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी ठेकेदाराचा कामगार, वेर्ण्यातच, दुसऱ्या कंपनीत. दोडामार्गाहून बाईकने येतो. तुम्ही निलंबन, चौकशी, स्थायी आदेश लिहिलंत. आम्हाला त्यातलं काही नाही. आमच्याकडे मागच्या वर्षी अशी टेस्ट झाली. दोघांची पट्टी लागली. ठेकेदाराचा फोन आला, उद्यापासून येऊ नको. संपलं. खसखस होती का गोळी होती का गांजा, कोणी विचारलं नाही.

वारादादा, एक विचारू? तो फोर्कलिफ्टवाला त्या रात्री कितव्या तासाला होता?

काळा कोट

हा प्रश्न मी आधी विचारायला हवा होता.

शून्य प्रहर

+१. वारा, उत्तर द्या.

वेर्ण्याचा वारा

उशीर झाला उत्तर द्यायला, माफ करा. खरं सांगायचं तर टाळत होतो.

तो दुपारच्या पाळीला आला होता. रात्रपाळीचा माणूस आला नाही म्हणून त्यालाच थांबवलं. धडक पहाटे साडेचारला बसली. म्हणजे चौदा तास होऊन गेले होते. त्याच्या आदल्या दिवशीही डबल होती. ओटीच्या यादीवर सही असते त्या तिघांत मीही आहे. त्या रात्रीच्या यादीवर माझी नव्हती, पण आदल्या दिवशीच्या यादीवर होती.

आणि हो, त्याची टेस्ट त्याच सकाळी केली होती. दारू, ड्रग, सगळं निगेटिव्ह. हे मूळ धाग्यात लिहायला हवं होतं.

शून्य प्रहर

वारा, लिहिलंत हे बरं केलंत, यावरून कोणी तुम्हाला झोडपू नये.

माझा जुना हट्टाचा विषय आहे म्हणून सांगतो. सतरा ते एकोणीस तास जागं असलेल्या माणसाची प्रतिक्रिया द्यायची गती रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकी किंवा त्याहून वाईट होते, हे प्रयोग करून मोजलेलं आहे. आपल्या मोटार वाहन कायद्यात गाडी चालवायची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३. दुपारच्या पाळीला येणारा माणूस सकाळी सातला उठला असेल तर पहाटे साडेचारला त्याला जागं होऊन साडेएकवीस तास झालेले. रस्त्यावर असती तर पोलिसाने गाडी जप्त केली असती अशा अवस्थेतल्या माणसाच्या हातात कंपनीने चावी दिली, वर दुप्पट दराने पैसेही दिले. १९४८ च्या कारखाना कायद्याने दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली ती उगीच नाही.

शिस्त हवी

मान्य, पण एक विचारतो. झोपेची पट्टी नाही म्हणून नशेचीही पट्टी नको, हा कुठला न्याय? दोन्ही धोके आहेत. माटोळीताईंच्या घरचं विसरलात का? आणि रात्रपाळीला माणूस आला नाही तर मशीन बंद ठेवायचं का, हेही कोणीतरी सांगा. ऑर्डर सोडून द्यायची तर त्यांचे पगार कुठून येणार?

हुर्राकप्रेमी

फोर्कलिफ्ट बंद ठेवायची. मशीन चालू दे, पॅलेट सकाळी उचला. पॅलेटला गणपतीला गावी जायचं नाही.

जुना तारवटी

बोटीवर विश्रांतीच्या तासांची वही असते. चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती, आणि त्या वहीवर आमची सही लागते. खोट्या सह्याही व्हायच्या, ते नाकारत नाही. पण इन्स्पेक्टर आला की आधी ती वही मागायचा.

माटोळी

@शिस्त हवी, माझ्या घरचं तुमच्या बाजूने वापरू नका. मी टेस्ट हवी म्हटलं, ते अजून म्हणते. पण ती चिकटपट्टी कोणी लावली, हेही मी रोज विचारते.

शिस्त हवी

चुकलो ताई. माफी असावी.

लॅबवाली

वारादादा, जाण्याआधी दोन गोष्टी. कोण कुठली गोळी घेतो हे एचआरला सांगायची पाळी कामगारावर येऊ नये. झोपेची, फिटची, मनाच्या आजाराची औषधं असतात. ते फक्त डॉक्टरने विचारायचं आणि त्याच्याकडेच ठेवायचं. आणि ज्याला खरंच व्यसन आहे त्याच्यासाठी बांबोळीला मनोरुग्णालय आहे, १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. उपचाराला जाणाऱ्याची नोकरी राहील असं लिहून घ्या, नाहीतर कोणी जाणार नाही, फक्त दुसऱ्याची लघवी खिशात घेऊन येतील. हसू नका, येतात. म्हणून तर नमुन्याचं तापमान बघतात.

चवदार बांगडा

खिशात म्हणजे नक्की कशात?

लॅबवाली

जेवताना विचारू नका.

वेर्ण्याचा वारा

मंडळी, बैठक झाली. अडीच तास चालली.

कॉम्प्युटरने नावं काढून अचानक टेस्ट सहा महिने पुढे ढकलली. अपघात झाला, किंवा दोन सुपरवायझरांनी लक्षणं लेखी दिली, तरच टेस्ट. दोन बाटल्या मान्य. दुसऱ्या यंत्रावर पक्कं झाल्याशिवाय कारवाई नाही, तोवर पगारी रजा. औषधांचं फक्त कंपनीच्या डॉक्टरला सांगायचं. पहिल्या वेळेला उपचार, नोकरी कायम. दारूसाठी फुंकायचं यंत्र घेणार, गेटवर, आणि प्लांट हेडपासून सगळ्यांनी फुंकायचं. तारवटीकाका, हे तुमचं नाव न घेता तुमच्याच शब्दांत मांडलं. साहेब आधी हसले, मग म्हणाले, चालेल.

पट्टीचं पाकीट मागवून बघितलं. ३०० च होतं. शागोतीची गोष्ट सांगितल्यावर टेबलावर पहिल्यांदा सगळे एकाच बाजूने बोलले.

प्रेसच्या दोन बटणांची मी गुपचूप पाहणी केली. आमच्याकडे सहापैकी एकाला चिकटपट्टी होती. काढली. माटोळीताई, फक्त तुम्हाला सांगायचं होतं.

डबल पाळीचा मुद्दा मीच काढला, माझ्या सहीसकट. फोर्कलिफ्ट आणि क्रेनवर डबल नको, एवढंच मागितलं. इतिवृत्तात 'नोंद घेतली' असं लिहिलंय. ठेकेदाराच्या कामगारांना हे सगळं लागू का, यावर 'ठेकेदाराशी बोलू' असं. पुढची बैठक तीन महिन्यांनी.

काळा कोट

'नोंद घेतली' च्या खाली तुमचं म्हणणं लेखी जोडून पोच घ्या. सोमवारीच.

जुना तारवटी

बरें केलें रे.

दोडामार्गी

वाचून बरं वाटलं वारादादा. आमच्याकडे आज पुन्हा डबल सांगितली आहे. सकाळी सहाला सुटेन, मग सगळं नीट वाचतो.

माटोळी

बाईक तिथेच ठेव रे बाबा. सहाला सुटलास की बसने जा, बसमध्ये झोप तरी लागेल.